‘अवेकनिंग्ज’चा उत्तरार्ध आणि आपले कपिकच्छू

कपिकच्छूवरील व्याख्यानांत अलीकडे ‘अवेकनिंग्ज’ या १९९० सालच्या इंग्रजी चित्रपटाचा दाखला दिला जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका रुग्णालयात निद्रालु मस्तिष्कशोथाच्या जुन्या साथीतून वाचलेले रुग्ण अनेक दशके पुतळ्यासारखे बसून आहेत. १९६९ मध्ये डॉक्टर त्यांना लेव्होडोपा देतो आणि ते बोलू, चालू, हसू लागतात. डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९७३ सालच्या अनुभवकथनावर हे कथानक आधारलेले आहे. वक्ते येथे थांबतात आणि सांगतात, ‘हेच द्रव्य आपल्या खाजकुइलीत आहे!’

आहेच. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच तिच्या बियांतून ते वेगळे केले होते. २००४ मध्ये लंडन येथे आठ कंपवात रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात ३० ग्रॅम बीजचूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर दिसला. याचा अभिमान आम्हांसही वाटतो.

परंतु चित्रपट तेथे संपत नाही. रॉबर्ट डी निरो यांनी साकारलेला लिओनार्ड काही आठवड्यांतच अनैच्छिक हालचालींनी ग्रासला जातो, संशयी व संतापी होतो. मात्रा बदलून पाहूनही उपयोग होत नाही आणि तो पुन्हा निश्चल होतो. हा उत्तरार्ध व्याख्यानांत का येत नाही? लेव्होडोपाच्या गुणांवर हक्क सांगायचा, तर त्याच्या दोषांचे उत्तरदायित्वही आपल्याकडे येते.

प्रश्न रोजच्या चिकित्सेचा आहे. कंपवाताचा रुग्ण बहुधा आधीच लेव्होडोपा व कार्बिडोपाची गोळी घेत असतो. कार्बिडोपामुळे लेव्होडोपाचा शरीरात अन्यत्र होणारा व्यय टळून अधिक अंश मेंदूपर्यंत पोहोचतो. चूर्णातील लेव्होडोपासही हाच लाभ मिळतो. बियांत हे द्रव्य साधारणतः ४ ते ६ टक्के आढळते. ५ टक्के धरल्यास ५ ग्रॅम चूर्णात २५० मिलिग्रॅम झाले. ‘वनस्पतीच आहे’ म्हणून दिलेली ही पुडी रुग्णाची मात्रा नकळत वाढविते, आणि मग होणाऱ्या अंगविक्षेपांना वातप्रकोप मानून आपण चूर्ण आणखी वाढवितो! भ्रम, मळमळ, उठताना येणारी भोवळ यांचीही विचारपूस व्हावयास हवी. अनुपानाचाही विचार करावा. आहारातील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. बल्य वा वृष्य हेतूने दुधासह देणे निराळे आणि कंपवातात देणे निराळे.

औषधनिर्मात्यांशी आमचे भांडण थोडे अधिक आहे. गोदुग्धात स्वेदन करून, टरफल काढून केलेले चूर्ण आणि बिया तशाच दळून केलेले चूर्ण एकाच नावाने विकले जाते. बियांची जात, शोधन व साठवण यांनुसार लेव्होडोपाचे प्रमाण बदलते, पण डबीवर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. वैद्याने मात्रा ठरवायची कशाच्या आधारे? प्रत्येक घाण्याची तपासणी करून लेव्होडोपाचे प्रमाण, शोधनाची पद्धत व निर्मितीची तारीख डबीवर छापावी. खर्च वाढेल, तो किमतीत घ्यावा. तोवर गोळी घेणाऱ्या रुग्णास चूर्ण सुरू करण्यापूर्वी त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञास दोन ओळींची चिठ्ठी धाडण्याचा परिपाठ वैद्यांनी ठेवावा, आणि गोळी परस्पर बंद करू नये.