पायरीअलीकडचे नागरिक

कोणत्याही नगराची संस्कृती त्याच्या नाट्यगृहांच्या आणि ग्रंथालयांच्या संख्येवर मोजण्याची आपल्याला सवय आहे. पुण्याला तर या मोजणीचा अभिमानही आहे. परंतु त्या नाट्यगृहाच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो आणि कोण पायऱ्यांपाशीच अडतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. चाकाच्या खुर्चीवर बसणारा, कुबडी घेऊन चालणारा, पांढऱ्या काठीने वाट चाचपणारा नागरिक हा या नगराचा करदाता आहे, मतदार आहे. तरीही घराबाहेर पडताक्षणी त्याला कळून चुकते की, हे नगर बांधताना आपली गणतीच कोणी केली नव्हती. ही स्थिती केवळ खेदाची नव्हे, तर कायदेभंगाची आहे, एवढे आम्हांला आज स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. अपंगांच्या समान संधीचा पहिला कायदा 1995 मध्ये झाला. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क कराराला मान्यता दिली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्याच्या 44 व्या कलमान्वये सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीस बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. 45 व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींत सुधारणा करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. ते नियम जून 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ती मुदत जून 2022 मध्येच संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगमतेची किमान मानके ही शिफारस नसून बंधन असले पाहिजे. आपल्या राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खाते आहे आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर या पुण्यातच आहे. इतके सारे असूनही पायरी जागची हललेली नाही. 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि तो सरकारी कागदांवर झपाट्याने रूढ झाला. शब्द बदलावयास वेळ लागला नाही. सहा इंचांची पायरी बदलावयास मात्र दशकेही पुरत नाहीत!

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. असे लोक रस्त्यावर दिसतात तरी किती? मूठभरांसाठी एवढा खर्च कशाला? हा युक्तिवाद वर वर व्यवहारी वाटला, तरी तो मुळात उलटा आहे. ते रस्त्यावर दिसत नाहीत, याचे कारण ते नाहीत हे नव्हे. रस्ता त्यांना बाहेर पडू देत नाही, हे आहे. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2 कोटी 68 लाख आणि एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, तेव्हा खरी संख्या याहून मोठी असणार, हे उघड आहे. शिवाय गुडघे दुखणारे वृद्ध, गर्भवती स्त्रिया, तान्ह्या मुलाची गाडी ढकलणाऱ्या माता आणि पाय मोडून प्लॅस्टरमध्ये पडलेला धडधाकट तरुण, या साऱ्यांना तोच उतार आणि तोच कठडा उपयोगी पडतो. आज जो पायऱ्या चढून जातो, त्यालाही म्हातारपण चुकलेले नाही.

मात्र उतार म्हणजे दाराशी ओतलेला सिमेंटचा ढीग नव्हे. प्रचलित मानकानुसार एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे सहा इंचांच्या प्रत्येक पायरीमागे सहा फूट. पुष्कळ ठिकाणी नियम पाळल्याचे दाखविण्यासाठी जो उतार केला जातो, तो इतका उभा असतो की, त्यावरून खुर्ची चढविणे बाजूलाच राहिले, ती उलटण्याचेच भय अधिक. पदपथावरील पिवळ्या खाचांच्या फरशांचेही तेच. लांब रेघांची फरशी 'पुढे चला' म्हणते, ठिपक्यांची फरशी 'थांबा, सावध व्हा' म्हणते. ही अंधांची लिपी आहे. परंतु रेघा थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडल्या, तर त्या लिपीतून आपण अंधाला काय वाचावयास लावतो?

सुगमता ही साखळीसारखी असते. एक कडी तुटली की उरलेल्या कड्या निरुपयोगी ठरतात. मार्च 2022 मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत उद्वाहक आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु घरापासून स्थानकापर्यंतचा पदपथ जर टपऱ्या, वीजपेट्या आणि उभ्या केलेल्या दुचाक्या यांनी अडविलेला असेल, तर त्या उद्वाहकाचा लाभ कोणाला?

आणि येथे केवळ महानगरपालिकेकडे बोट दाखवून आमची किंवा वाचकांची सुटका होणार नाही. पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खुंट का उभारावे लागतात? कारण सिग्नल चुकविण्यासाठी आपल्यातीलच सुशिक्षित माणसे पदपथावर दुचाकी घालतात. मग ते खुंट इतके जवळजवळ रोवले जातात की, दुचाकीबरोबर चाकाची खुर्चीही अडते. मुंबई उच्च न्यायालयाला 2023 मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. बेशिस्त एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे! गृहरचना संस्थांतही निराळे चित्र नाही. प्रवेशद्वारी उतार करण्याची एका सभासदाची मागणी 'शोभा जाते', 'गाडीची जागा जाते' अशा सबबींवर वार्षिक सभेत नामंजूर करणारे लोक परके नसतात. ते आपणच असतो.

हे काम अशक्य आहे, असे आता कोणी म्हणू नये. विधानसभेच्या निवडणुकीसाठी 20 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले. त्या वेळी मतदान केंद्रांवर उतार आणि चाकाच्या खुर्च्या यांची व्यवस्था करण्याचे आदेश होते. मतासाठी जी सोय एक दिवस होऊ शकते, ती शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी आणि उपजीविकेसाठी वर्षभर का होऊ नये?

आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. पुणे स्टेशन, ससून रुग्णालय आणि जिल्हाधिकारी कचेरी यांना जोडणारी वाट महानगरपालिकेने प्रथम हाती घ्यावी आणि ती कोठेही न तुटता अपंगांना स्वतंत्रपणे पार करता येईल, अशी करून दाखवावी. ही वाट श्रीमंतीची नव्हे, गरजेची आहे. दुसरे असे की, काम पुरे झाल्याचा दाखला कंत्राटदाराच्या कागदावरून न देता, चाकाच्या खुर्चीवरील आणि अंध नागरिकांनी ती वाट प्रत्यक्ष चालून पाहिल्यावरच द्यावा. तिसरे, नव्या इमारतींच्या बाबतीत 44 वे कलम अक्षरशः पाळावे आणि कोणत्या सार्वजनिक इमारती अद्याप दुर्गम आहेत, याची यादी दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, प्रसिद्ध करावी. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणे होतातच. त्यांच्या जोडीला हा हिशेबही होऊ द्या.

1965 च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. महाराष्ट्राच्या या सुपुत्राचे कौतुक आपण उचितच करतो. परंतु पराक्रम हा नागरिकत्वाचा परवाना नव्हे. ज्याला पदक मिळवावयाचे नाही, ज्याला केवळ सकाळी ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्र वाचावयाचे आहे, त्यालाही त्या दारातून आत जाता आले पाहिजे, आणि तेही कोणी उचलून न नेता. दयेचा हात पुष्कळांनी पुढे केला आहे. हवी आहे ती सरळ वाट, आणि ती देणे हे या नगराचे कर्तव्य आहे.