झिजलेला भाग फेकण्यापूर्वी

अकोले तालुक्यात फवारणीच्या ऐन दिवसांत पेट्रोलवर चालणारा पंप बंद पडला की काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोरी ओढून ओढून हात दुखतो, पण इंजिन दाद देत नाही. मग कोणीतरी सांगतो, "प्लग बदला." नवा प्लग बसतो, इंजिन सुरू होते आणि जुना प्लग उकिरड्यावर जातो. आठ दिवसांनी पुन्हा तीच कथा! माझे म्हणणे असे, की चूक भाग बदलण्यात नाही. जुना भाग न पाहता फेकण्यात आहे.

आधी ठिणगी कशी पडते ते पाहू. इंजिनाच्या फिरत्या चाकात लोहचुंबक असतात. ते तारेच्या वेटोळ्याजवळून गेले, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व आपल्या भंडारदऱ्याच्या वीजगृहातही काम करते. हा प्रवाह नेमक्या क्षणी तोडला, की शेजारच्या पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडी घेते.

प्रवाह तोडण्याचे काम जुन्या इंजिनांत 'पॉइंट' करतात. १९७२ साली बाजारात आलेली, आपल्या नगर जिल्ह्याशी नाते असलेली लुना ज्यांनी वापरली, त्यांना पॉइंट घासून घेणे चांगलेच आठवत असेल. मिस्त्री त्यांना 'प्लॅटिनम' म्हणत; पण ते बहुधा टंगस्टनचे असत! दोन टप्प्यांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तासाला १,८०,००० ठिणग्या पडतात. झीज होणारच.

परंतु झीज कशी झाली, हे महत्त्वाचे. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला, तर धातू एकीकडून दुसरीकडे गेला आहे. अशा वेळी शेजारच्या काँडेन्सरवर संशय घ्यावा. तो तसाच ठेवून नुसते नवे पॉइंट बसवले, तर तेही लवकरच जळतील. प्लगचेही तसेच. टोक तांबूस-करडे असेल, तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवेची जाळी तुंबली आहे. पांढरे पडून फोड आलेले टोक सांगते, की इंजिन फार तापते आहे. म्हणजे प्लग हा पुष्कळदा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो!

कोणी म्हणेल, कामाच्या घाईत हे पाहायला वेळ कोणाला? बरोबर आहे. शेतात नवा प्लग बसवून काम पुरे करावे. पण जुना खिशात ठेवून संध्याकाळी उजेडात पाहायला काय हरकत आहे? कोणी असेही म्हणेल, की नव्या इंजिनांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. खरे आहे, पण प्लग तोच आहे, आणि कारण शोधण्याची सवय कोणत्याही यंत्राला लागू पडते.

मात्र ही पाहणी इंजिन थंड झाल्यावर, जाणत्या माणसासमोरच करावी. पेट्रोलजवळ ठिणगी पाडून पाहू नये आणि इंजिन फिरत असताना प्लगच्या जाड वायरीला हात लावू नये.

आपण प्रयोगशाळेत वेटोळे आणि लोहचुंबक घेऊन फॅरडेचा प्रयोग करतो, गुण मिळवतो आणि विसरतो. त्याच फळीवर गावातल्या मिस्त्रींकडून आणलेले दहा-बारा जुने प्लग आणि पॉइंट मांडले, प्रत्येकाखाली दोष लिहिला, तर? खर्च जवळजवळ काहीच नाही. पुढच्या हंगामात पंप अडला, की "काय बदलू?" असे विचारण्याआधी "का बिघडले?" असे विचारणारा एकजण तरी घरात असेल. तो तुम्हीच का नसावे?