आधी कान, मग अक्षर



हिऱ्याचा सौदा पक्का करताना ‘मझाल’ म्हणण्यापुरतीच आपल्या व्यापारी मंडळींची हिब्रू असते. माझी तेवढीही नव्हती. माझी कन्या इस्राएलमध्ये तेल अवीवजवळच्या रामत गान या हिरे-व्यापाराच्या नगरात राहते. गतवर्षी तिच्या ४ वर्षांच्या मुलाने दूरध्वनीवर मला हिब्रूत काही विचारले. मला उत्तर देता आले नाही. तो खेळायला निघून गेला. त्याच दिवशी, वयाच्या ६५व्या वर्षी, ही भाषा बोलावयास शिकण्याचे मी ठरविले.

प्रारंभ पुस्तकाने केला, ती चूक झाली. हिब्रूत २२ अक्षरे. लेखन उजवीकडून डावीकडे आणि नित्याच्या लेखनात बहुतेक स्वर गाळलेले. तीच तीन अक्षरे ‘सेफेर’ वाचली तर पुस्तक, ‘सपार’ वाचली तर न्हावी! आपल्या पेढ्यांवरील जुन्या महाजनी लिपीचेही असेच होते. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचल्याची कथा सर्वश्रुत आहे. शब्द कानाला ठाऊक असेल, तरच डोळा तो अचूक वाचतो.

म्हणून क्रम बदलला. सकाळी अर्धा तास पिम्सलरचे ध्वनिपाठ ऐकून मोठ्याने उत्तरे देतो. दुपारी ड्युओलिंगोवर अक्षरांचा सराव करतो. नवे शब्द धातूनुसार वहीत टिपतो : ‘ल-म-द’पासून ‘लोमेद’ म्हणजे शिकतो, ‘तल्मीद’ म्हणजे विद्यार्थी. रविवारी बेने इस्राएल समाजातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंशी संभाषण. मातृभाषा मराठी असल्याने त्यांनी चटकन उमजविले, की ‘शिकतो-शिकते’प्रमाणे तेथेही ‘लोमेद-लोमेदेत’ आहे. मात्र ‘तू’देखील पुरुषाला ‘अता’ आणि स्त्रीला ‘अत’ असा वेगळा आहे.

यातील एकही साधन स्वयंपूर्ण नाही. ध्वनिपाठ लिपी शिकवीत नाहीत, ॲप गप्पा मारीत नाही, बाई रोज भेटत नाहीत. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसावा, तसा यांचा मेळ घालावा लागतो.

तिकडे जाणाऱ्यांनी निदान ‘ब्ली बत्साल, ब्ली शूम’ म्हणजे ‘कांद्याविना, लसणाविना’ एवढे तरी पाठ करावे.

गेल्या आठवड्यात नातवाने विचारले, ‘‘नाना, मा अता ओसे?’’ म्हणजे ‘काय करतोस?’ मी म्हणालो, ‘‘अनी लोमेद.’’ त्याने माझा उच्चार सुधारला आणि बराच वेळ बोलत बसला.