गाण्यावर गोळ्या का झाडाव्या लागल्या?



लॅटिन अमेरिकेचे संगीत म्हटले की डोळ्यांपुढे फक्त नाच येतो. २०१७ साली प्वेर्तो रिकोच्या गायकांचे ‘देस्पासितो’ जगभर वाजले. नाचाला आमचा विरोध नाही. राबणाऱ्याने जरूर नाचावे. पण बाजार विकतो तेवढेच तिकडचे गाणे, हे आम्हांला मान्य नाही.

चिली देशाकडे पाहा. १९५०च्या दशकात व्हायोलेता पार्रा यांनी खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली. त्या वाटेवर ‘नवे गाणे’ ही चळवळ उभी राहिली. तिचा बिनीचा गायक व्हिक्टर हारा, शेतमजुराचा मुलगा. कारखान्यातील कामगाराला प्रेयसीसाठी मिळणाऱ्या पाच मिनिटांच्या सुट्टीवर त्याने गाणे रचले. मार्च १९६९मध्ये पुएर्तो मोंत येथे बेघरांच्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा मंत्र्याचे नाव घेऊन जाब विचारणारे गाणेही त्यानेच केले.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने अयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून पाडले. हाराला विद्यापीठातून पकडून सांतियागोच्या क्रीडागृहात डांबले, त्याचा छळ केला आणि ४०हून अधिक गोळ्या घालून ठार मारले.

‘गाणी म्हणजे करमणूक, युनियनने मागण्यांचे बघावे’, असे सांगणाऱ्यांना आमचा रोकडा सवाल आहे : नुसत्या करमणुकीसाठी एवढ्या गोळ्या कशाला लागल्या? गाण्याची ताकद सेनाधिकाऱ्यांनी ओळखली. आपण केव्हा ओळखणार?

गाणे मात्र मेले नाही. याच चळवळीतील इंती-इल्लिमानी आणि किलापायून ही पथके तेव्हा युरोपात दौऱ्यावर होती. ती परदेशातच गात राहिली. ऑक्टोबर २०१९मध्ये विषमतेविरुद्ध चिलीची जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा हजारो कंठांतून हाराचे १९७१चे गाणे उमटले. त्याच्या खुनाबद्दल सात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये कायम केली. न्यायाला ५० वर्षे लागली. गाणे तेवढा वेळ थांबले नाही.

म्हणून सर्व शाखांना आमचे सांगणे आहे : मेळाव्यात भाड्याचा ऑर्केस्ट्रा आणून वर्गणीचे पैसे उडवू नका. आपल्या ट्रॅकमन, पॉइंट्समन, पोस्टमन भावाबहिणींत लिहिणारे, गाणारे आहेत. त्यांना व्यासपीठ द्या, ढोलकी-पेटीचा खर्च शाखेने करावा. मागणीपत्र साहेबाच्या फायलीत पडून राहते. चांगले गाणे एका डेपोतून दुसऱ्या डेपोत आपसूक पोहोचते. पुढच्या मेळाव्यापासूनच सुरुवात करा!