दान आणि देणे

नाताळ जवळ आला की आपल्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांत एक स्तुत्य लगबग सुरू होते. तरुण घरोघर फिरून वर्गणी आणि जुने कपडे गोळा करतात, महिला मंडळे नेवऱ्या आणि दोदोलचे पुडे बांधतात, कोणी दुकानदार दोन गोणी तांदूळ देतो, आणि भरलेला टेम्पो माळावरच्या कातकऱ्यांच्या झोपड्यांकडे निघतो. ह्या उपक्रमाची थट्टा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. कुडकुडणाऱ्या मुलाला चादर हवीच असते, आणि ती देणाऱ्याच्या हाताला प्रभूचा आशीर्वाद लाभतो हीच आमची श्रद्धा आहे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दरवर्षी त्याच माळावर, त्याच कुटुंबांना चादर का द्यावी लागते? माडाच्या चुडतांचे आणि ताडपत्रीचे छप्पर जूनच्या पहिल्याच वादळात उडते, आणि त्याखालचे सारे भिजून कुजते, हे त्याचे उत्तर. ते छप्पर पक्के का होत नाही? कारण ज्या जमिनीवर ते उभे आहे ती दुसऱ्याची आहे, आणि मालकाने 'उठा' म्हणताच उठावे लागते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: कातकऱ्याला आपण दान म्हणून जे देतो, त्यातील बरेचसे त्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे. ऋणको सावकाराला पैसे परत करताना दातृत्वाचा आव आणू लागला तर आपण त्याला काय म्हणू?

हे शब्द कोणास कठोर वाटतील, म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कातकरी किंवा काथोडी ही जमात खैराच्या लाकडापासून काथ पाडत असे. त्या धंद्यावरूनच तिला हे नाव पडले. जंगल हेच तिचे शेत आणि तेच कोठार. 1878 च्या वनकायद्याने सरकारने जंगलावर आपला हक्क पक्का केला आणि खैराला हात लावणे हा गुन्हा ठरू लागला. पुढे हेच लोक कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागले. उचल फिटत नसे आणि माणूस सुटत नसे. वेठबिगारी 1976 साली कायद्याने रद्द झाली, तरी प्रत्यक्षात ती टिकून होती. 1982 साली आपल्या वसईच्या परिसरात श्रमजीवी संघटना उभी राहिली ती अशाच आदिवासी वेठबिगारांना सोडविण्यासाठी. रायगडात 1990 पासून सर्वहारा जन आंदोलनाने कातकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न लावून धरला. ज्या जंगलाच्या लाकडाने आणि कोळशाने शहरे वाढली, त्या जंगलातून हा माणूस बाहेर काढला गेला, आणि त्याबदल्यात त्याला गावातही जागा मिळाली नाही.

आपल्या सिंधुदुर्गात त्याला 'वानरमारे' म्हणतात. बागाईतदार माकडांना कंटाळला की त्याला ह्याच माणसाची आठवण होत असे, पण त्याच्या शेजाराची त्याला लाज वाटत असे. आज तो आंबा-काजूच्या बागांची राखण करतो, लाकडे तोडतो, खाडीत मासे आणि कुर्ल्या पकडून आपल्याच दारात विकतो. शासनदरबारी कातकरी हे महाराष्ट्रातील तीन 'विशेष दुर्बल' आदिवासी गटांपैकी एक आहेत. दुसरे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या जिल्ह्याला आदिवासींचा अभिमान नाही असे नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी कलावंत श्री. परशुराम गंगावणे ह्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सारे आनंदलो, आणि ते योग्यच होते. पण ज्याच्या हाती पोथीही नाही आणि बाहुलीही नाही, त्या आदिवासीचे कौतुक करायला आपल्याला कोणते निमित्त लागते?

आता सरकारी बाजू पाहू. 'हे काम सरकारचे आहे, योजना आहेत, आपण कशाला मध्ये पडावे?' असे म्हणणारे सज्जन प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. योजना आहेत हे खरे. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेत देशातील 75 विशेष दुर्बल गटांसाठी 4 लाख 90 हजार पक्क्या घरांचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि प्रत्येक घरासाठी 2 लाख रुपये ठरविले गेले. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे अनुदान वेगळे. पण घर आकाशात बांधता येत नाही. ज्याच्या नावे सातबाऱ्यावर वीतभर जागा नाही, त्याचा अर्ज जागेच्या रकान्यापाशी अडतो. भूमिहीनाला जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्य शासनावर आहे, जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजनाही आहे; परंतु विकायला तयार असलेला मालक सरकारी आदेशाने निर्माण होत नाही. तो गावातूनच पुढे यावा लागतो.

दुसरी अडचण कागदाची. अनुसूचित जमातीचा दाखला मिळवायचा तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वाचकहो, क्षणभर थांबून ह्या तारखेचा विचार करा. आपल्यापैकी कोणालाही आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख हवी असली तर चर्चच्या कचेरीत यावे, पिवळ्या पडलेल्या नोंदवहीत ती सापडते. आजोबांच्या आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांचीही नावे सापडतात. ज्या कुटुंबाने 1950 साली एक पावसाळा एका माळावर आणि दुसरा भलत्याच खाडीकाठी काढला, त्याच्या आजोबांचे नाव कोणत्या वहीत शोधावे? तो शाळेत गेला नाही, त्याच्या नावे शेत नव्हते. जिथे कागद नाही तिथे गृहचौकशीचा मार्ग खुला असतो. पण तो मार्ग दाखवायला, अर्ज लिहायला, तालुक्याच्या कचेरीत चार खेपा घालायला बरोबर कोणी हवे असते. कातकऱ्याची एक खेप म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी बुडाली.

ह्यावर येणारे आक्षेप आम्हांस पाठ आहेत. 'ते एका जागी टिकत नाहीत.' ज्याला दर दोन वर्षांनी उठविले जाते तो टिकणार कसा? मुंबईला गेलेल्या आपल्या घरांची कुलुपे गणपती आणि नाताळ सोडून उघडत नाहीत, तरी 'हे लोक टिकत नाहीत' म्हणून त्यांची घरे कोणी काढून घेत नाही. 'ते दारू पितात.' पितात, आणि त्याने त्यांचा संसार उद्ध्वस्त होतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दारू न पिण्याच्या अटीवर जमीन मिळायची असती, तर आपल्या किती घरांना अंगण उरले असते, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'आपण पुढे झालो तर धर्मांतराचा आरोप होईल.' होईल. म्हणून काम अशा रीतीने करावे की आरोप करणाराच उघडा पडावा. निधीच्या समितीत सरपंच असावेत, शाळेचे गुरुजी असावेत, इतर धर्माचे शेजारी असावेत आणि स्वतः कातकरी स्त्री-पुरुष असावेत. जमीन थेट त्या कुटुंबाच्या नावे, शक्यतो बाईच्या नावे व्हावी. चर्चच्या नावे एक चौरस फूटही नको. हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. मोबदल्यात काही मागू नये, प्रार्थनाही नाही. ज्या प्रीतीला बदल्यात शिष्य हवे असतात ती ख्रिस्ताची नव्हे. आणि आरोपाच्या भीतीने शेजाऱ्याला उघड्यावर सोडून दिले, तर आपण आरोप टाळू, पण न्यायाचा दिवस टाळू शकणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात बजावले आहे की, न्यायाने जे द्यायचे ते आधी द्यावे, ते दयेची देणगी म्हणून पुढे करू नये. दुःखाच्या परिणामांबरोबर त्याची कारणेही दूर करावीत, आणि मदत अशी असावी की घेणारा हळूहळू स्वतःच्या पायांवर उभा राहील. संत आंब्रोस चौथ्या शतकातच श्रीमंतांना सांगून गेले की, गरिबाला देताना तुम्ही आपले देत नाही, त्याचेच त्याला परत करता. पोप सहावे पौल ह्यांनी 1967 च्या परिपत्रकात ह्याच वचनाचा आधार घेतला. पोप लिओ चौदावे ह्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये गरिबांवरील प्रीतीविषयी जे आवाहनपत्र दिले, त्यात दानधर्माची थोरवी सांगताना त्यांनी हेही सांगितले की, दान हे न्यायाच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आठवावा. त्याने लाझरसला मारले नाही, दारातून हाकलले नाही. त्याने एवढेच केले की, लाझरसचे दारात पडून राहणे त्याला स्वाभाविक वाटले.

आपल्याच भूमीतील एक उदाहरण द्यावेसे वाटते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी 1948 साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. अस्पृश्य मानलेल्यांविषयी ते केवळ भाषणे देत राहिले नाहीत. मैला वाहणे आणि मेलेली गुरे सोलणे ही 'हलकी' कामे त्यांनी स्वतः केली. वरून खाली देण्यापेक्षा शेजारी जाऊन उभे राहणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. ते ख्रिस्ती नव्हते. पण शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूचा धडा त्यांनी आपल्यापैकी अनेकांहून बरा गिरविला होता.

म्हणून आमच्या सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने फेस्ताच्या बँड, दारूकाम आणि मंडपावरील खर्चाचा एक भाग दरवर्षी जागेच्या निधीत घालावा. संताचा मान फटाक्यांच्या आवाजाने वाढतो असे आम्ही कोठे वाचलेले नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर वीस हिस्सेदारांची नावे आहेत त्यांना जमीन देता येणार नाही हे आम्ही जाणतो. पण ज्यांची जमीन स्वतःच्या एकट्याच्या नावे आहे, त्यांनी कातळावरचा एक गुंठा बक्षीसपत्राने द्यावा किंवा माफक दराने विकावा. तुकडेबंदीच्या कायद्याने घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने लहान जागेच्या खरेदीला वाट ठेवली आहे. जिथे वस्ती सरकारी जमिनीवर आहे तिथे महसूल संहितेच्या कलम 122 खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात; ग्रामसभेत तसा ठराव मांडायला आपले मतदार काही कमी नाहीत. शिकलेल्या तरुणांनी वर्षातून चार शनिवार दाखले आणि अर्जांसाठी द्यावेत. आणि देणगीदाराच्या नावाची पाटी कोणत्याही भिंतीवर लागू नये. देणे फेडणाऱ्याची पाटी कोणी लावीत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्याहून सीमा ओलांडून ह्या मुलखात आले. त्यांना येथे कोणी तरी पाय ठेवायला जागा दिली. त्या जागेवर त्यांनी आधी झोपडे, मग कौलारू घर, मग क्रूस आणि चर्च उभारले. 2005 साली आपल्याला स्वतःचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत लाभला तो त्या पहिल्या गुंठ्याच्या पायावर. भूमी माझी आहे, तुम्ही येथे उपरे आणि पाहुणे आहात, असे परमेश्वराने लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएलला बजावले, आणि त्याच अध्यायात ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाला त्याच्या वतनावर परत जाऊ देण्याची आज्ञा दिली. 2025 चे ज्युबिली वर्ष आपण यात्रा काढून आणि पवित्र द्वारे ओलांडून थाटात साजरे केले. 6 जानेवारी 2026 रोजी ते संपले. त्या वर्षात आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या हद्दीतील किती कातकरी कुटुंबे आपल्या हक्काच्या जागेवर गेली, हा आकडा येत्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मांडला जावा, आणि तो शून्य असेल तर पुढच्या फेस्ताचे अंदाजपत्रक त्यानंतरच मंजूर व्हावे.