काळोख्या दैवतकथांचा मुलूख

ज्ञानासाठी आपला एक डोळा अर्पण करणारा ओडिन अखेरच्या संग्रामात फेनरिर लांडग्याच्या मुखी पडतो. देवांनाही मृत्यू अटळ मानणाऱ्या त्या उत्तर युरोपातील नॉर्स पुराणावर आज ज्या काळोख्या अद्भुत कादंबऱ्या उभ्या आहेत, त्यांची बरीच भिस्त तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने करून ठेवलेल्या नोंदींवर आहे.

असेच काळोखे पुराण आमच्याकडेही आहे. आमच्या केळापूर तालुक्यापासून पैनगंगेपलीकडे आदिलाबादपर्यंत पसरलेल्या गोंडी मुलखात परधान गायक किंगरीच्या साथीने जी लिंगोकथा गात आले, तिचा एक पाठ नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपला व त्यांच्या निधनानंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी तो प्रसिद्ध केला. तीत महादेव गोंडांना गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावतो. कथानायक लिंगो ज्या मानलेल्या भावांसाठी राक्षसाकडून अग्नी मिळवतो, तेच खोट्या आरोपावरून त्याचा वध करतात आणि त्याच्या डोळ्यांच्या गोट्या करून खेळतात. अमृताने उठलेला लिंगो पुढे भौरनाग या महासर्पास मारतो आणि बंदिवानांस मुक्त करतो. एवढे भीषण, एवढे करुण द्रव्य आमच्या सरहद्दीत असता मराठी कादंबरीकाराने ते न पाहावे, याची आम्हांस खंत वाटते. नारायण धारपांनी भयकथेस मराठीत मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्या वाचकाची तयारी आहे.

अशा कादंबरीची प्रकरणे आमच्याकडे अवश्य पाठवावीत. मात्र लेखकाने आधी परधान गायकांसमोर बसून कथा ऐकावी, आणि छापताना त्यांचे ऋण नावानिशी नोंदवावे.