गॅरेज ही शाळा आहे, मग शाळेचे नियमही पाळा

"पोट्टं शाळेत टिकत नाई, तं देऊ गॅरेजवर लावून." दहावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मुलगा रिकामा फिरू नये, चार पैसे कमवायला लागावा, एवढीच इच्छा असते. पण या वाक्यात एक समज मुरलेला आहे, की शिक्षण जिथे संपते तिथून गॅरेज सुरू होते. या समजाला माझा विरोध आहे. तितकाच विरोध त्याच्या उलट टोकाच्या समजालाही आहे. तो गॅरेजमालकांत आणि धंद्याचे कौतुक करणाऱ्यांत आढळतो: उस्तादाच्या हाताखाली पोरगा फुकटात हुन्नर शिकतो, मग त्याला पगार, करार, दाखला कशाला? पहिला पक्ष गॅरेजला शाळा मानत नाही. दुसरा मानतो, पण शाळेची एकही जबाबदारी पत्करत नाही. नुकसान दोन्हीकडून पोराचेच होते.

आधी पहिला पक्ष. गॅरेजात शिकण्यासारखे असते तरी काय, असे विचारणाऱ्याने एखाद्या जाणत्या मिस्त्रीला स्पार्क प्लग काढताना पाहावे. प्लग बाहेर आला की तो आधी त्याचे टोक बघतो. टोक कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त येते आहे. पांढरे पडले असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापते आहे. विटकरी असेल तर जळण ठीक. टोक ऑईलने ओले असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची सील गेली. सायलेन्सरच्या धुराचेही तसेच. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही. खुणेवरून कारणाकडे जायचे, कारण पक्के करायचे आणि मगच पाना उचलायचा, ही विज्ञानाचीच रीत आहे. शाळेच्या प्रयोगवहीत निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. इथे तो शोधावा लागतो, आणि चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत परत येते.

शिकण्याला क्रमही आहे. सुरुवातीला पोऱ्या सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतो आणि उस्ताद मागेल तो पाना हातात देतो. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. काही महिन्यांत नटाकडे नुसते पाहून त्याला माप सांगता येते. मग ऑईल बदलणे, चेन ताणणे, केबल, ब्रेक शू. त्यानंतर क्लच प्लेट. इंजिन उघडताना जवळ बसायला लवकर मिळते, पण इंजिन बांधायला फार उशिरा, कारण टायमिंग चेन एका दाताने जरी चुकली तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. ज्या कामात चूक स्वस्तात निभावते तिथून सुरुवात करून, ज्यात ती महागात पडते तिथवर न्यायचे, असा हा अभ्यासक्रम आहे. तो कोणी छापलेला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही.

या शाळेचा गावाशी असलेला संबंधही तोलून पाहा. मृगाचा पाऊस पडून पेरणी तोंडावर आली असताना ट्रॅक्टर बंद पडला, तर शेतकऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची तारीख परवडत नाही. त्याला दर्यापूर, तेल्हारा किंवा मूर्तिजापूरच्या रस्त्याकडेचा मिस्त्री लागतो, जो संध्याकाळी शेतावर येईल आणि पैसे कापूस विकल्यावर घेईल. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. २०२१ च्या नोव्हेंबरात अमरावतीत आणि २०२३ च्या मे महिन्यात अकोल्यात जातीय हिंसाचार झाला. अशा शहरांत निरनिराळ्या धर्मांची मुले एकाच उस्तादाकडे शिकू शकतात, एका डब्यात जेवू शकतात, अशा जागा थोड्याच उरल्या आहेत. गॅरेज ही त्यांतली एक आहे. (मुलींना मात्र ही जागा अजून बंदच आहे, हे लाजिरवाणे आहे.)

यावर एक आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. गॅरेजातले बरेचसे ज्ञान अंदाजाचे असते. हेडचे बोल्ट किती घट्ट करायचे हे बहुतेक मिस्त्री हाताच्या जाणिवेवर ठरवतात, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बोल्ट जरा जास्त आवळला की आटे जातात. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ती फीलर गेजने मोजायची असते, पण अनेकदा कानाने ठरवली जाते. एखादा भाग का निकामी झाला हे उस्तादाला ठाऊक असते, पण ते शब्दांत सांगायची सवय त्याला नसते. ही उणीव मी मान्य करतो. पण त्यावरून गॅरेज बाद करा हा निष्कर्ष निघत नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मोजमाप आहे, आकृती आहे, विजेचे मंडल आहे. तिथे नाही ते गिऱ्हाईक, आणि तीन वेळा दुरुस्त होऊन पुन्हा बिघडलेली, दुसऱ्याने वायर तोडून जोडलेली गाडी. एकाकडे जे आहे तेच दुसऱ्याकडे कमी आहे.

हा विचार आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य असावा आणि भाषा, गणित, विज्ञान त्याच्या अनुषंगाने यावे, ही त्यातली मुख्य मांडणी. तिचे गोडवे गाणारे आपण घरातला मुलगा हाताने शिकू लागला की मान खाली घालतो.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, दुचाक्यांतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आणि सेन्सर आले, आता विजेच्या गाड्या येत आहेत, तेव्हा गॅरेजचे दिवस भरले, असे सांगितले जाते. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या एका तारखेला नाहीशा होत नाहीत हे सोडून देऊ. मुख्य गोष्ट अशी की स्कॅनर बिघाडाचा कोड देतो, बिघाड दाखवत नाही. सेन्सरचा कोड आला तर सेन्सर गेला असेल, नाहीतर त्याची वायर गोठ्यातल्या उंदराने कुरतडली असेल. ते हाताने आणि डोळ्यांनीच शोधावे लागते. राजदूत आणि लुनाच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर वाढलेल्या मिस्त्र्यांनी पुढे फोर-स्ट्रोक शिकून घेतले. इंजेक्शनही ते शिकतील, पण या वेळी एकट्याने जमणार नाही. स्कॅनर महाग आहे आणि माहिती इंग्रजीत आहे. हा आक्षेप खरे तर प्रशिक्षण वाढवा असे सांगणारा आहे, गॅरेज मोडीत काढा असे सांगणारा नाही.

आता उस्तादांकडे वळतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच स्पष्ट बोलतो. "पोट्ट्याले धंदा शिकवून रायलो, फी घेत नाई, मंग पगार कायचा?" हा त्यांचा युक्तिवाद. पहिल्या काही महिन्यांपुरता तो खरा मानू. पण पोरगा एकट्याने सर्व्हिसिंग करू लागला की त्याच्या कामाचे पैसे गिऱ्हाईक मोजते आणि ते गल्ल्यात जातात. त्यानंतरही खर्चीपुरते पैसे देणे हे शिकवणे नव्हे, मजुरी बुडवणे आहे. मार खाल्ल्याशिवाय हात बसत नाही, असेही काही जण म्हणतात. मार खाल्लेला पोरगा चूक लपवायला शिकतो, आणि लपवलेली चूक ब्रेकमध्ये असली तर कोणाच्या तरी जिवावर बेतते.

थोर माणसे झाडू मारूनच मोठी झाली, हा दाखलाही देतात. सोइचिरो होंडा १९२२ साली पंधराव्या वर्षी टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजात लागले आणि सुरुवातीला त्यांना मालकाचे मूल सांभाळावे लागले, हे खरे. पण त्याच मालकाने पुढे त्यांना सगळे काम शिकवले आणि १९२८ मध्ये हामामात्सूची शाखा त्यांच्या हाती दिली. १९८५ पासून हिरो होंडाच्या रूपाने ते नाव आपल्या रस्त्यांवर आले, ते मूल सांभाळल्यामुळे नव्हे. शिकवणारा मिळाला म्हणून आले.

वय आणि आरोग्य यांत तर तडजोडच नको. मोजके अपवाद सोडले तर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर बंदी आहे. ब्रेक शूची धूळ हवेच्या झोताने उडवणे, वापरलेल्या ऑईलमध्ये दिवसभर हात घालणे, पेट्रोलने हात धुणे, या गोष्टी फुप्फुसांना आणि कातडीला घातक आहेत. हातमोजे, मास्क आणि साबण यांचा खर्च फार नाही. मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोल्यात प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले. त्या दिवसांत पत्र्याखाली बसून इंजिन खोलणाऱ्या मुलाला दुपारची सुट्टी हवी की नको?

हा प्रश्न एकट्या उस्तादाच्या चांगुलपणावर सुटणारा नाही, कारण सरकारच्या कागदावर ही शाळा जवळजवळ नाहीच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, त्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच रस्त्यावर बंद पडलेला ट्रक रातोरात चालू करणाऱ्या मिस्त्रीकडे मात्र आपल्या कसबाचा एकही कागद नसतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवारालाही महिना किमान ५,००० रुपये विद्यावेतन ठरवले. पण उमेदवार घेण्यासाठी आस्थापनेत किमान चार माणसे हवीत. एक उस्ताद आणि दोन पोरे, असे जे बहुतेक गॅरेज असते, ते दाराबाहेरच राहिले. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत लोहार, सोनार, शिंपी, न्हावी यांच्यासह अठरा व्यवसाय आहेत, गुरु-शिष्य परंपरेचा गौरव आहे, पण वाहन मिस्त्री नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेला बारावी लागते. गॅरेजात जाणारा मुलगा तर दहावीलाच अडखळलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्या जर्मनीत वाहन मिस्त्रीची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. मुलगा बराच वेळ गॅरेजात आणि ठरावीक वेळ व्यवसायशाळेत शिकतो, लेखी करार असतो, वेतन असते, शेवटी परीक्षा असते. लहान गॅरेजही त्यात सामील होते, कारण शिकवण्याचा अधिकार मालकाच्या पात्रतेवर ठरतो, कामगारांच्या संख्येवर ठरत नाही. आपली पोरे तिकडे पाठवायची, मग ती पद्धत इकडे का आणायची नाही?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. चार माणसांची अट गॅरेजांसाठी काढा, किंवा एका भागातल्या चार-पाच गॅरेजांचा गट एक आस्थापना म्हणून नोंदवा. उस्तादाची परीक्षा घ्या आणि त्याला शिक्षक म्हणून मान्यता द्या. मानधनही द्या. पोराशी आणि त्याच्या पालकाशी मराठीत लेखी करार करा. विद्यावेतनातला मोठा वाटा सरकारने थेट मुलाच्या खात्यात टाकावा, म्हणजे लहान मालकावर बोजा पडणार नाही. आठवड्यातून एक दिवस मुलगा आयटीआयत जाईल, स्कॅनर, इंजेक्शन, विजेची गाडी आणि मोजमाप तिथे शिकेल. तीन वर्षांनी त्याची परीक्षा घ्या. ती अनोळखी, बिघडलेल्या गाडीवर घ्या, आणि उत्तीर्ण झाल्यास आयटीआयच्या तोडीचे प्रमाणपत्र द्या. आज पूर्वज्ञानाला मान्यता देण्याच्या नावाखाली थोडक्या तासांत उरकले जाणारे मूल्यमापन या कसबाला न्याय देत नाही.

अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत. व्यवसाय शिक्षण खात्याचे विभागीय कार्यालय इथे आहे, शासकीय आयटीआय इथे आहेत, आणि शिकवणारे हात तर रस्त्यारस्त्यावर आहेत. सुरुवातीला अमरावती आणि अकोला या दोन शहरांतल्या निवडक गॅरेजांवर हा प्रयोग येत्या प्रवेशाच्या हंगामातच सुरू करता येईल. तो खात्याने करावा, आणि तोवर उस्तादांनी आपल्या हाताखालच्या पोरांना कामाची मजुरी महिन्याच्या महिन्याला द्यावी.